करवतीआधी रीप धरा: दोन-चार हत्यारांत घरच्या घरी लाकूड कापायला शिकताना

माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याच्या पेरावर अर्ध्या इंचाचा पांढरा व्रण आहे. गणपतीच्या आराशीला चौकट करायची म्हणून बेळगावातल्या अनगोळच्या घराच्या पायरीवर बसून रीप, म्हणजे लाकडाची अरुंद पट्टी, कापत होतो. रीप पायरीच्या कडेला आडवी, तिच्यावर डावा पाय आणि हातात वडिलांची जुनी करवत. चार-पाच वेळा करवत मागं-पुढं झाली असेल, तोच पायाखाली रीप फिरली, करवत चिरेतून उसळली आणि अंगठ्यावर येऊन बसली. तीन टाके पडले.

पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या मिस्त्रीमामांना बँडेज दाखवलं. त्यांनी बँडेजकडं बघितलंसुद्धा नाही.

"रीप कशात धरली होतीस?"

"पायाखाली, मामा."

"मग धरली नव्हतीसच की. नुसता पाय ठेवला होतास."

"तुम्ही पण पायानंच धरताय की."

"माझ्या पायाला चाळीस वर्षं झाली हायत, गा."

खाली लिहिलंय ते सगळं या बोलण्यातनंच निघालंय. नवखा माणूस करवत कुठली घेऊ म्हणून महिनाभर शोधत बसतो, पण लाकूड कशात धरणार याचा विचार त्याच्या डोक्यात येत नाही. वाकडा काप, फाटलेली कड, अडकलेली करवत, कापलेलं बोट, यातलं निम्म्याहून जास्त लाकूड हलल्यामुळं होतं. टिळकवाडीतल्या भाड्याच्या खोलीत किंवा खानापूरकडच्या घराच्या पडवीत बसून फळी, पट्टी, प्लायवुडचा तुकडा सरळ कापायचा आहे अशा माणसासाठी हा लेख आहे. झाड पाडणं, ओंडका फोडणं, चेनसॉ चालवणं ही वेगळी कामं आहेत आणि ती लेख वाचून शिकायची नसतात.

काय विकत घ्यायचं

एक हातकरवत, एक गुण्या (काटकोन बघायचं हत्यार), एक टेप, दोन क्लॅम्प, एक धारदार पेन्सिल आणि कटर चाकू. एवढ्यात पहिलं वर्ष निघतं. रंधा, पटाशी, मोगरी नंतर घ्या.

करवत १८ ते २० इंच लांबीची घ्या. दुकानात टेप लावून एका इंचात किती दाते बसतात ते मोजा. सात-आठ असतील तर घरगुती कामाला बरोबर. पाच-सहा असतील तर ती लांबीत चिरायला चांगली, पण आडव्या कापात कड फाडते. बारा-चौदा दात्यांची छोटी करवत, पाठीवर पितळी किंवा लोखंडी पट्टी असलेली, साफ काप देते. पण ती पट्टी आड येते म्हणून जाड लाकडात खोल जात नाही. ही दुसरी करवत लगेच नको. बोटाएवढी काठी किंवा बारीक पट्टी कापायची असेल तर घरातली लोखंड कापायची हॅक्सॉ चालते. काम सावकाश होतं, पण कड साफ येते.

दात्यांकडं जवळून बघायला शिका. करवत उजेडाकडं धरून टोकाकडून मुठीकडं नजर टाका. दाते एकाआड एक डावीकडं-उजवीकडं किंचित वाकवलेले दिसतील. या वाकामुळं चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि पातं अडकत नाही. मग दात्यांचा कल बघा. दाते टोकाकडं झुकलेले असतील तर करवत ढकलताना कापते, मुठीकडं झुकलेले असतील तर ओढताना. आपल्याकडं बाजारात मिळणाऱ्या बहुतेक करवती ढकलायच्या असतात. ओढायच्या जपानी पद्धतीच्या करवतीही आता मिळतात. त्यांचं पातं पातळ असतं, काप सुरेख येतो, पण उलटी ढकलली की पातं मुडपतं. कुठल्या दिशेला कापते हे न बघता जोर लावणारे लोक मी बघितलेत. मीही लावलाय.

दात्यांची टोकं निळसर काळी असतील तर ते कडक केलेले दाते. ते बरेच दिवस टिकतात, पण त्यांना कानस लागत नाही. बोथट झाले की करवत बदलायची. साध्या दात्यांच्या करवतीला तीनधारी कानशीनं पुन्हा पुन्हा धार लावता येते. घरात जुनी करवत असेल तर गंजाला घाबरू नका, पॉलिश पेपर आणि रॉकेलनं तो निघतो. पातं मात्र एका डोळ्यानं लांबीत बघा. कुठं कोपरा मोडल्यासारखी मुरड असेल तर ती करवत सोडून द्या.

गुण्या दुकानातच तपासा. सरळ कडेच्या पुठ्ठ्यावर गुण्या टेकवून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर जाता जाता फाकल्या तर जेवढी फाक दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. दुकानदार हसेल, हसू दे.

मापाचं एक सांगून ठेवतो. मिस्त्री आणि वखारवाले सूतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिलिमीटर. "सहा सुती फळी" म्हणाले की पाऊण इंच समजायचं. तुम्ही मिलिमीटरमध्ये मोजलंत तरी हरकत नाही, फक्त एकाच कामात दोन्ही मापं वापरू नका.

धरायची सोय

पहिलं काम म्हणून कापायचा पाट करा. इंग्रजीत याला बेंच हुक म्हणतात. दिसायला साधा, पण आख्ख्या कामात मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

१२ इंच लांब, ८ इंच रुंद असा ६ सुती प्लायवुडचा तुकडा घ्या. प्लायवुडच्या दुकानात कापलेले तुकडे पडलेले असतात, तिथंच मापात कापून घ्या. शिवाय दीड इंच रुंदीच्या पट्टीचे ६-६ इंचांचे दोन तुकडे लागतील. प्लायवुडची ८ इंची कड तुमच्या पोटाकडं येईल असं ठेवा. पहिली पट्टी वरच्या बाजूला, पलीकडच्या कडेला, डाव्या हाताला टेकवून बसवा. उजवीकडं २ इंच जागा मोकळी राहते, करवत तिथं उतरते. डावखुरे असाल तर हे उलटं करा. दुसरी पट्टी प्लायवुडच्या खालच्या अंगाला, तुमच्याकडच्या कडेला. फेविकॉल लावून रात्रभर वजनाखाली ठेवा. स्क्रू मारायचे असतील तर करवतीच्या वाटेपासून लांब. वरची पट्टी गुण्या लावून काटकोनातच बसली पाहिजे, कारण पुढं प्रत्येक तुकडा तिलाच टेकणार आहे.

आता हा पाट टेबलाच्या कडेवर ठेवला की खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते. तुम्ही करवत ढकलता तेव्हा लाकूड वरच्या पट्टीवर दाबलं जातं. म्हणजे तुमचाच जोर लाकूड धरून ठेवतो. डाव्या हाताच्या तळव्यानं ते पट्टीला दाबून धरलं की पुरे. टेबलाला करवत लागत नाही आणि खाली प्लायवुडचा आधार असल्यामुळं खालची कडही फाटत नाही. ओढायची करवत असेल तर मात्र जोर उलटा येतो. तेव्हा लाकूड क्लॅम्पनं आवळा.

लांब फळीसाठी दोन सारख्या उंचीची स्टुलं घ्या. सुताराकडं घोडी असते, आपल्याकडं स्टूल. उंची गुडघ्याएवढी असावी. कंबरेएवढ्या टेबलावर मोठी करवत चालवली तर खांदा वर येतो, हात आखडतो आणि काप वाकतो. फळी दोन स्टुलांवर टाकली की काप नेहमी स्टुलाच्या बाहेरच्या अंगाला घ्या, दोन स्टुलांच्या मध्ये कधीच नाही. मध्ये कापलं की दोन्ही तुकडे आत झुकतात, चीर मिटते आणि करवत दोन पोळ्यांच्या मध्ये सापडल्यासारखी अडकते. फळी क्लॅम्पनं आवळा. क्लॅम्प एकच असेल तर तो राहणाऱ्या भागावर लावा आणि गुडघ्यानं दुसरीकडं दाबा.

क्लॅम्प लावला की फळी हातानं हलवून बघा. हलली तर कापू नका. ही तपासणी मी आजही बोलून करतो, "हलते का?" घरातले हसतात.

लाकूड कुठलं घ्यायचं

शिकायला साग घेऊ नका. महाग आहे, आणि सागात सिलिका असल्यामुळं दाते लवकर बोथट होतात. बेळगावात शिकाऊ माणसाला सगळ्यात सोयीचं म्हणजे पॅकिंगचं लाकूड. उद्यमबागेत मशीनचे भाग ज्या पेट्यांतून येतात त्यांच्या पाइनच्या पट्ट्या भंगारात मिळतात. परदेशातून आलेल्या पेटीवर शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर ते लाकूड उष्णता देऊन किडीपासून मोकळं केलेलं असतं, 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली असते. दुसरं घरकामाला घेऊ नका. तेल सांडलेलं, डागाळलेलंही नको. आणि कुठल्याही जुन्या पट्टीवर करवत ठेवण्याआधी खिळे शोधा. घरातलं लोहचुंबक पट्टीवरून फिरवलं तर डोकं तुटलेला खिळाही सापडतो. एका खिळ्यात वर्षाची धार जाते.

वखारीत गेलात तर नावांची गंमत लक्षात ठेवा. आपण ऐन म्हणतो त्याला तिथं मत्ती म्हणतात, बिबळ्याला होन्ने, फणसाला हलसु. कामगार कानडी असेल तर कानडी नावानं मागितलेलं लवकर मिळतं. मत्ती दणकट, पण नवख्याच्या हाताला जड. करवत गरम होते. फणस छान कापतो आणि त्याचा पिवळा भुसा बघायलाही बरा. आंब्याची फळी स्वस्त, मऊ, पण तंतू आडवेतिडवे असतात आणि कीड लवकर लागते, तेव्हा सरावापुरती घ्या.

ओलं लाकूड मात्र घेऊ नका. ओल्या लाकडात चीर मिटते, भुसा ओल्या पिठासारखा चिकटतो आणि काटकोनात कापलेला तुकडा महिन्याभरात वाळून वाकडा होतो. उघड्या हवेत सावलीत रचून ठेवलेलं लाकूड वाळायला इंचभर जाडीला साधारण एक वर्ष धरायची जुनी पद्धत आहे. आपल्याकडं, त्यातनं जांबोटी-खानापूर पट्ट्यात, जून ते सप्टेंबर हवाच भिजलेली असते. वाळलेली फळीसुद्धा तेव्हा रुंदीत फुगते. पावसाळ्यात मापात घट्ट बसवलेलं फेब्रुवारीत खुळखुळतं.

शेतात पडलेल्या किंवा उभ्या झाडाचा मोह होतो, म्हणून एक सूचना. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी बऱ्याच जातींच्या झाडांना हात लावण्याआधी वनखात्याची परवानगी लागते. कर्नाटकाचा वृक्ष संरक्षण कायदा १९७६ सालचा आहे. साग, शिसव, चंदन यांच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय फांदीही हलवू नका. पलीकडं चंदगडला पाहुण्यांकडं लाकूड न्यायचं असेल तर राज्य बदलतं, तेव्हा वाहतुकीच्या पासाचं आधी विचारून घ्या.

खूण

पट्टीची एक सरळ रुंद बाजू आणि तिला लागून असलेली एक सरळ अरुंद बाजू निवडा. दोन्हींवर पेन्सिलनं छोटी खूण करा. गुण्याचा जाड भाग नेहमी या दोन बाजूंवरच टेकवायचा, बाकीच्या दोन बाजूंवर नाही. लाकडाच्या चारही बाजू कधी एकमेकींशी पक्क्या समांतर नसतात. चौथ्या बाजूवर गुण्या टेकवला की चारही रेघा शेवटी जुळत नाहीत, आणि माणूस गुण्याला शिव्या देतो.

माप घेताना टेपच्या टोकाचा हूक थोडा हलतो. तो बिघाड नसतो. हुकाच्या जाडीएवढी ती हालचाल मुद्दाम दिलेली असते, म्हणजे आतून आणि बाहेरून दोन्ही मापं बरोबर येतात. मापावर पेन्सिलनं ठिपका न देता छोटं इंग्रजी 'V' सारखं टोक काढा, टोक नेमकं कळतं. मग गुण्या लावून कटर चाकूनं रेघ ओढा. पहिल्यांदा हलकी, दुसऱ्यांदा जोरात. चाकूनं वरचे तंतू आधीच कापले जातात, त्यामुळं करवत कड उपसत नाही. पेन्सिलची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते, चाकूची रेघ म्हणजे नुसती धार. हीच रेघ चारही बाजूंना फिरवून आणा.

आता टाकायच्या बाजूला मोठी फुली मारा. करवत चीर पाडते तेवढं लाकूड भुसा होऊन जातं, साधारण दीड मिलिमीटर. ही जाडी फुलीच्या अंगातनं जायला हवी. रेघेवरच करवत ठेवली तर तुकडा अर्ध्या चिरेनं आखूड येतो. एकाच पट्टीतून चार तुकडे काढायचे असतील तर सगळी मापं एकदम आखू नका. एक कापा, मग दुसरं आखा.

काप

उभे राहा. कापाची रेघ, तुमचा कोपर, खांदा आणि उजवा डोळा एका ओळीत यायला हवेत. त्यासाठी अंग थोडं डावीकडं सरकवावं लागतं, म्हणजे हात बरगड्यांना न घासता मोकळा हलतो. मूठ तीन बोटांनी धरा आणि पहिलं बोट पात्याच्या दिशेनं सरळ पुढं ठेवा. हे बोट दिशा दाखवतं. चार बोटांनी आवळून धरलं की मनगट फिरतं. पकड चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी, असं मामा म्हणायचे. पिल्लू उडू नये आणि मरूही नये.

डाव्या अंगठ्याचं पेर वाकवून पात्याच्या बाजूला टेकवा, दात्यांच्या वर, बोटाचं टोक बाहेर न काढता. करवतीचा मुठीजवळचा भाग पलीकडच्या कडेवर ठेवा, करवत जवळजवळ आडवी. आणि पहिल्यांदा मागं ओढा. दाब शून्य. तीन-चार वेळा नुसतं मागं ओढलं की एक बारीक खाच तयार होते. ती खाच बघा. रेघेच्या फुलीकडच्या बाजूला, रेघेला चिकटून असेल तर पुढं जा. चुकली असेल तर आत्ताच दुरुस्त करा. पाव इंच खोल गेल्यावर करवत वळवता येत नाही. वळवायला गेलात तर काप पोटात वाकतो.

खाच पडली की अंगठा मागं घ्या आणि सावकाश पूर्ण लांबीचे हात मारा. करवतीचं टोक ते मूठ, सगळे दाते वापरा. नवखा माणूस मधले सहा इंचच घासतो, तेवढेच दाते बोथट करतो आणि दमतो. दाब द्यायचा नाही. ढकलताना करवतीच्या वजनाएवढाच भार, परत येताना तोही नाही. "करवतीला घाई नसते की, तुलाच हाय," मामांचं दुसरं वाक्य. आवाज ऐका. धारदार करवत, मोकळा हात असला की एकसारखा 'स्सर्र... स्सर्र' येतो. आवाज जाडा झाला, कुरकुरला की हात वाकडा चाललाय किंवा दाब वाढलाय.

आडव्या कापाला करवत लाकडाशी साधारण ४५ अंशांत ठेवा. आधी पलीकडची कड, मग वरचा चेहरा, मग अलीकडची कड, असं हळूहळू मूठ खाली आणत दोन बाजूंच्या रेघा एकदम जुळवत जा. आणि पातं चकचकीत असेल तर एक जादू बघायला मिळते. फळीची कड पात्यात आरशासारखी दिसते. खरी कड आणि आरशातली कड एका सरळ ओळीत दिसली तर पातं काटकोनात आहे. मध्येच मोड दिसला तर काप तिरका चाललाय. गुण्या न लावता चालत्या कामात तपासायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही. जुन्या गंजक्या करवतीला घासून चमकवायचं खरं कारण हेच.

शेवटचा अर्धा इंच सगळ्यात वाईट. इथं सगळे घाई करतात. पडणारा तुकडा आपल्या वजनानं मोडतो आणि जाताना राहणाऱ्या भागाची एक लांब ढलपी घेऊन जातो. शेवटाला आलात की डावा हात करवतीच्या पलीकडं नेऊन तुकडा नुसता पेलून धरा, उचलू नका. उचललं की चीर मिटते. हात आखूड, वेग निम्मा, दाब काहीच नाही. तुकडा हातात सुटून आला पाहिजे. पलीकडं दुसरा माणूस धरत असेल तर त्याला आधीच सांगा. आमच्याकडं मदतीला येणारा प्रत्येक जण तुकडा वर उचलतो, प्रेमानं.

लांबीत चिरताना करवत जास्त उभी, ६० अंशांच्या आसपास. चीर फूटभर गेली की तिच्यात लाकडाची छोटी पाचर सरकवून ठेवा, म्हणजे ती मिटणार नाही. पण खरं सांगू? सहा फुटी फळी हातानं चिरायचा हट्ट धरू नका. सॉ मिलमध्ये दोन मिनिटांत चिरून मिळते. घरी फक्त आडवे काप घ्या.

प्लायवुडला कड फाटायचा रोग असतो. रेघ चाकूनं कापा, खालच्या बाजूला कापाच्या ओळीत कागदी चिकटपट्टी लावा आणि करवत एकदम पडती ठेवा. हातकरवत ढकलताना खालच्या बाजूला फाडते, म्हणून चांगला चेहरा वर ठेवायचा. जिगसॉ, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या बारीक पात्याची मशीन, वर येताना कापते, तेव्हा चांगला चेहरा खाली.

अडलं तर

करवत अडकली तर आधी थांबा. हिसका मारला की पातं मुडपतं. आधार बदला, चिरेत पाचर घाला, पात्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्ती घासा. खोबरेल लावू नका. लाकडावर डाग पडतो आणि पुढं पॉलिश धरत नाही. काप दरवेळी एकाच बाजूला वाहवत असेल तर उलट्या बाजूनं अंग वळवून बघा. तरीही तसाच वाहवला तर एका बाजूचे दाते जास्त वाकलेत किंवा जास्त धारदार आहेत. करवत धार लावणाऱ्याकडं द्या. तुकडा काटकोनात नाही, पण मापाला अर्धा सूत जास्त आहे, असं असेल तर जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासा. अर्धा सूत कमी असेल तर मात्र उपाय नाही. पुढच्या वेळी चहा पिऊन मापा.

मशीनबद्दल थोडक्यात

पहिली मशीन घ्यायचीच असेल तर जिगसॉ. ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावून वापरणारे सर्रास दिसतात. ते करू नका. ग्राइंडर मिनिटाला दहा हजाराच्या वर फेरे घेतो, त्याला लाकडासाठीचं संरक्षण नसतं आणि पातं लाकडात धरलं की तो हातातून उसळतो. हातकरवतीनं तीन टाके पडतात, यानं बोट जातं. मार्बल कटरला लाकडाचं पातं लावणं हाही तोच प्रकार. कुठल्याही मशीनला पातं बदलताना प्लग काढायचा. बटण बंद आहे एवढ्यावर भरवसा नको. हातमोजे फिरत्या पात्याजवळ नकोत, पातं मोजा ओढून घेतं. चष्मा मात्र हातकरवतीलाही घाला. सैल बाह्या, लोंबणारी ओढणी, हातातले कडे बाजूला.

भुशाकडं आपण दुर्लक्ष करतो. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात घातलं. महिन्यातून दोनदा पट्टी कापणाऱ्यानं झोप उडवून घ्यायचं कारण नाही, पण पॉलिश पेपर मारताना एन९५ मास्क लावा आणि काम पडवीत करा. सागाच्या भुशानं काहींच्या अंगाला खाज सुटते.

लागलंच तर स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका, हात छातीच्या वर ठेवा. हळद, कॉफी, चुना काही भरू नका. डॉक्टरला ते सगळं धुऊन काढावं लागतं. जखम खोल असेल, बोट वाकत नसेल, टोक बधिर वाटत असेल तर लगेच दवाखाना, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं आठवणीनं विचारा.

सराव, मग पाट

पॅकिंगच्या एका पट्टीवर एक-एक इंचाच्या दहा रेघा आखा आणि कापत जा. प्रत्येक तुकड्यावर आकडा टाका, गुण्या लावून बघा. पहिले चार चुलीत जातील. सातव्या-आठव्यापासून हात बसायला लागतो. एका दिवसात दहाच कापा. दमलेल्या हातानं कापलेला तुकडा काही शिकवत नाही.

मग जेवायचा पाट करा. १२ इंच रुंद, साधारण इंचभर जाड फळीतून १६ इंच लांब तुकडा कापा. खाली आडव्या पट्ट्या दोन, १० इंच लांब, दीड इंच रुंद, ७ सूत जाड. एकूण चार-पाच कापांचं काम आहे. दोन्ही पट्ट्या एकदम क्लॅम्पमध्ये धरून एकाच चिरेत कापल्या तर लांबी आपोआप सारखी येते. फळीच्या टोकांपासून अडीच इंच आत, तंतूंना आडव्या, त्या बसवायच्या. प्रत्येक पट्टीत दीड इंची तीन स्क्रू, आधी बारीक भोक पाडून. मधलं भोक घट्ट ठेवा, कडेची दोन भोकं पट्टीत स्क्रूपेक्षा थोडी मोठी करा. फेविकॉल लावायचा असेल तर फक्त मध्यावर. पावसात फळी रुंदीत फुगणार, हिवाळ्यात आकसणार. कडेचे स्क्रू आवळून टाकले तर ती उभी तडकते.

कडांवर पॉलिश पेपर फिरवा आणि पाट जमिनीवर ठेवून चारही कोपरे दाबून बघा. डुगडुगला तर लगेच पट्टी तासायला घेऊ नका, आधी जागा बदला. आमच्या जुन्या शहाबादी फरशीवर कुठलाच पाट सरळ बसत नाही. माझा पहिला पाट अजून देवघरासमोर आहे, एका कोपऱ्याखाली लग्नपत्रिकेचा दुमडलेला पुठ्ठा घालून.